पिकअपला हेडर बसवू का?

१६ नोव्हेंबर, रविवार

माझ्या बायकोने, साराने, आज चर्च सुटल्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं — यंदा नाताळची कॅरल गायला जाताना टेम्पो भाड्याने आणायचा. माझी पिकअप नको! चोवीस वर्षं हीच गाडी चौदा गाणारी माणसं, पेटी आणि ढोलकी घेऊन घाटापलीकडच्या वस्तीवर जाते आहे. मान्य, मागच्या नाताळात घाटात सगळ्यांना उतरून चालावं लागलं. पण पोचलो ना? "पोचलो, पन गायला दम कुनाला राहिला हुता?" — इति फिलिप ढोलकीवाला. सगळे हसले. साराही हसली. मला लागलं ते.

१९ नोव्हेंबर

कारखान्यातली ड्यूटी सुटल्यावर तिथेच नागापूरला गोरक्षनाथ मेकॅनिकच्या शेडवर गेलो. पाइप वाकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याचं निदान — गाडीचा श्वास कोंडतोय. चार सिलिंडरांचा धूर बाहेर टाकायला एकच बिडाचा मॅनिफोल्ड, तोही बासष्ट सालचा. "त्यो काढ. हेडर लावू. चार धुरांना चार पाइप, फुडं जाऊन एक. मग बघ कशी चढती."

विचार करतो म्हणालो. बाबांनी ही गाडी दवाखान्याच्या लिलावात घेतली, तेव्हापासून तिच्यातली कंपनीची एकही वस्तू मी बदललेली नाही. लोक थांबून फोटो काढतात ते उगाच नाही.

२१ नोव्हेंबर

नाही लावायचे.

२२ नोव्हेंबर

लावायचे. सारा सकाळी टेम्पोवाल्याशी फोनवर बोलत होती. फार गोड बोलत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

गोरक्षनाथने हेडर लावलेली एक जीप चालू करून दाखवली. काय तो आवाज! ढोलकी सोडाच, पाळकसाहेबांचं प्रवचनसुद्धा बुडालं असतं. परत डोक्याला भुंगा.

बाबांना विचारलं. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण भाजीला मीठ किती इथपासून सगळ्यावर त्यांचं मत असतं. आज एवढंच — "गाडी खोलू नको." का? "चालती न्हवं? मग?" आणि अर्धा चहा टाकून उठले. बाबांनी चहा टाकलेला मी पहिल्यांदा बघितला.

३० नोव्हेंबर, रविवार

शेवटी खोलली. या इंजिनाला हवा घेणारा आणि धूर सोडणारा, दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बोल्टांवर बसतात, म्हणून दोन्ही उतरवावे लागले. गोरक्षनाथने हवेचा मॅनिफोल्ड उचलून खालून डोळा लावला आणि मोठ्याने हसायला लागला. कार्बोरेटरच्या खाली एक लोखंडी पट्टी. खालचं तोंड चांगलं मोठं आणि पट्टीचं भोक आठ आण्याएवढं!

"ही कंपनीची आहे," मी म्हणालो.

"कंपनी कानशीनं घासती व्हय रं?"

खरंच, कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. आणि मी — पंचवीस वर्षं फिटर! — तीन वेळा कार्बोरेटर काढला, तिन्ही वेळा ती पट्टी पेट्रोलने धुऊन, नवीन पॅकिंग घालून, प्रेमाने परत बसवली. धूर कधी कोंडत नव्हताच. हवाच आत जात नव्हती.

१ डिसेंबर

पट्टी बाबांसमोर ठेवली. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "मीच घासली. त्र्याण्णव साली."

त्र्याण्णव साली सारा आणि मी या पिकअपमधून पळून निघालो होतो. ती कॅथलिक, आम्ही मिशनवाले प्रोटेस्टंट, तिच्या वडिलांनी साफ नाही म्हटलेलं. घाटात मी दामटत राहिलो आणि गाडी धापा टाकून बंद पडली. नामुष्कीने परत आलो. पुढच्याच आठवड्यात बाबा स्वतः तिच्या घरी जाऊन बसले, आणि महिन्याभरात रीतसर लग्न लागलं.

"पळून गेला असता तर तिला माहेर राहिलं असतं का?" बाबा म्हणाले. लग्नानंतर काढली का नाही मग? "काढनार हुतो. पन तू लई पळवायचास. म्हटलं, राहू दे."

बत्तीस वर्षं! रागवायचं ठरवलं होतं, पण जमेना.

७ डिसेंबर, रविवार

पट्टी काढली, जुना मॅनिफोल्ड परत बसवला. हेडर नाही. चर्चनंतर चौदाही जण भरून घाट चढवला. तिसऱ्या गिअरमध्ये! वर पोचेपर्यंत मागे गाणं चालू होतं आणि मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. साराने तिथूनच टेम्पोवाल्याला फोन करून नको सांगितलं. माझी छाती आज शर्टात मावत नाही.

८ डिसेंबर

सकाळी भाकरी बडवणाऱ्या साराला सहज म्हणालो, आपण पळून जाणार हे बाबांना कळलं कसं, तेवढं मात्र ते सांगत नाहीत.

तिने मान वर केली नाही. "मी सांगितलं होतं. मला पळून जायचं नव्हतं. तुमच्याशी लग्न करायचं होतं."