आधी न

ता. ४ फेब्रुवारी

माझ्या खारूताईला आजीचा प्रभूच्या नावाने सलाम आणि अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी आलं. पणजी होणार हे कळल्यापासून माझे गुडघेसुद्धा दुखायचे विसरलेत. पोस्टमनला सांगितलं, तर तो म्हणाला की आजी, हे तुम्ही मागच्या पत्राच्या वेळीच सांगितलंत. मग काय झालं, दोनदा ऐकून त्याचे कान झिजले का?

तर तू लिहितेस, चर्चच्या कपाटातून ख्रिस्ती संसारावर आणि लेकरं वाढवण्यावर चार बरी पुस्तकं निवडून पाठव. अगं, तुझे आजोबा गेल्यापासून किल्ली माझ्या कमरेला आहे खरी, पण माझी दुसरी इयत्ता! मात्र ते पुस्तकांचे बाइंडर आणि मी शेजारी बसून छापील पानांचे फर्मे शिवणारी. पुस्तक मला भरभर वाचता येत नसेल, ओळखता येतं. कण्यावर उभं धरायचं आणि हात सोडायचे. जिथं आपसूक उघडतं तिथं माणसं पुन्हापुन्हा गेलेली असतात. त्या पानावर बोट ठेवून मी अक्षर लावते.

निळ्या पुठ्ठ्याचं रागावरच्या पानावर उघडलं, त्याचा कोपरा बोटांनी काळा झालाय. बारकं पिवळं बाळाच्या पहिल्या वर्षाचं, त्यावर दुधाचा डाग आहे, म्हणजे लेकरू मांडीवर घेऊन कुणीतरी वाचलंय. तिसरं बापांसाठी. ते कोरं करकरीत, म्हणून मुद्दाम पाठवते. चौथं घरातल्या प्रार्थनेचं. एक जाडजूड होतं, त्यात बायकोला चाळीस पानं उपदेश आणि नवऱ्याला सहा. ते मागच्या रांगेत ढकललं. पाळकसाहेबांना सांगू नकोस.

पण तीन पानी पत्रात जावईबापूंबद्दल एक ओळ नाही. विसरलीस, की शाई संपली?

मी बरी आहे. घड्याळाची टिकटिक हल्ली फार मोठी झालीय.

लोभाचा टाका उसवू देऊ नकोस.

तुझी आजी


ता. १९ फेब्रुवारी

प्रिय आजीस सप्रेम सलाम, वि. वि.

पुस्तकं पोचली. शाई संपली नव्हती.

हा बेकरीत रात्रपाळीला असतो. सकाळी सव्वासातला येतो, तेव्हा मी खाऊन, बशी धुऊन औषधाच्या दुकानात कामाला जायला निघालेली असते. संध्याकाळी मी येते तेव्हा तो गेलेला असतो. आम्ही फ्रिजवर चिठ्ठ्या लावून बोलतो. दूध संपलं. नळ गळतोय. परवा चिठ्ठीसुद्धा नव्हती. तुझं निळं पुस्तक वाचलं, पण ते आमच्यासाठी नाही गं, आमच्यात राग नाहीच. भांडण परवडलं, भांडायला तरी समोर बसावं लागतं.

पुस्तकांत काही उपाय सापडला तर बघायचं, नाहीतर बाळंतपणाला तुझ्याकडे यायचं आणि मग इथे परतायचंच नाही, असं मनात आहे. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. त्याला माहीत नाही. तुझं आणि आजोबांचं कुठल्या पुस्तकावर निभलं, ते सांग.

लोभ आहे तसा राहू दे.

खारूताई


ता. २ मार्च

खारूताईस आजीचा सलाम आणि पोटातल्या पाहुण्यालाही अ. उ. आ.

तुझं पत्र वाचायला दोन दिवस लागले, त्यातला एक डोळे पुसण्यात गेला. ये म्हणायला जीभ वळवळतेय. दोन खोल्या आणि मी एकटी. तुझी बडबड घरात आली तर मला हवीच आहे, म्हणून या बाबतीत माझं ऐकताना जरा जपून.

लग्नात पाळकांनी एक बारकं पुस्तक दिलं होतं. त्यात होतं, बायकोनं नवऱ्याच्या आधी न असावं. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरनं आधीचा काना खाल्लेला आणि पुढचा शब्दही गिळलेला. आधी न काय? मी समजले, आधी न जेवावं. वरच्या ओळीत पुन्हा, दोघांनी एकमेकांच्या आधी न असावं. म्हणजे हेही अडकले! मी त्यांना वाचून दाखवलं. ते पानाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की बरोबर आहे, असंच लिहिलंय.

तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं. त्यांना कामावर उशीर झाला तर मी थांबायची, मी कुणाच्या आजारपणाला गेले तर ते ताट झाकून बसायचे. कितीदा अन्न निवून गोळा झालं. एकदा आठ दिवस अबोला होता, पण मीठ मागावंच लागलं, आणि मिठानंच तो फोडला. ते पुस्तक पाठवत नाही. त्याची शिवण मी तीनदा घातलीय.

आता मी कधीही जेवते. कधी चारला, कधी उभ्याउभ्या. कुणाच्या आधी नाही आणि कुणाच्या नंतर नाही.

लोभ आहेच, वेगळा काय मागू?

आजी


ता. १५ मार्च

प्रिय आजीस सलाम, वि. वि.

हे लिहू की नको असं चार दिवस झालं. आजी, तो एकच शब्द आहे, अधीन. म्हणजे ऐकण्यात असणं. कंपोझिटर बिचारा निर्दोष. आणि आजोबांचा जन्म छापील फर्म्यांत गेला, त्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं असणार.

तरी सोमवारी मी न खाता थांबले. हा आला, भुवयांवर पीठ. झाकलेल्या दोन बशा बघून बरं नाही का म्हणून विचारलं. मी तुझ्या पत्रातलं ‘आधी न’ वाचून दाखवलं. आधी हसला, मग बशीवरचं झाकण उचललं. म्हणाला की रोज ओट्यावर धुतलेली एकच बशी दिसते आणि आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो असं वाटतं. मला कामावर उशीर झाला. दुसऱ्या दिवशीही झाला. आता मालकिणीला सांगून मी अर्धा तास उशिरा जाते आणि उशिरा निघते.

बापांचं पुस्तक कोरं राहिलं नाही, त्याला पिठाची बोटं लागलीत. बॅग पलंगाखालून काढून कपाटावर ठेवली. रिकामी केलेली नाही, खरं ते सांगते.

लोभाची नवी शिवण पाठवते.

खारूताई


ता. २४ मार्च

दोघांना आजीचा सलाम, तिसऱ्याला पापा, आणि सगळ्यांना अ. उ. आ.

पाळकसाहेबांना विचारलं, तुझंच बरोबर निघालं. म्हणजे हा माणूस जाणून होता! एक्केचाळीस वर्षं मला चूक वाचू दिली आणि त्यापायी स्वतः उपाशी बसला. लबाड कुठला. फोटोसमोर जाऊन चांगलं झापलं. मग तिथंच बसून राहिले.

बॅगेची घाई करू नकोस. खळ वाळेपर्यंत पुस्तक दाबाखालीच ठेवायचं असतं. तू येशील म्हणून मी दुसरी गादी उन्हात घातली होती, ती गुंडाळून ठेवली. ठेवताना आनंद झाला. आनंदच म्हणायचा.

सव्वासात म्हणालीस ना? आता मीही तेव्हाच बसते. चहा झाकून ठेवते आणि सात वीस झाले की घोट घेते. जावईबापूंना उशीर झाला तर मला कळायची सोय नाही, तेव्हा निवला तर निवला. निवलेल्याची मला सवय आहे, फक्त कुणासाठी तरी निवायला हवं.

लोभ मात्र निवू देऊ नका.

तुमची आजी