उर्दू वहीतला नागा

मंगळवार, २१ डिसेंबर

नाना, इतकी वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. शेवटचं पत्र होस्टेलवरून लिहिलं होतं, सुखरूप पोचल्याचं. त्यात दोनच ओळी होत्या आणि दुसरी ओळ पत्त्याची होती. माफी फक्त या गप्प बसण्याची मागते आहे, बाकी कशाची नाही. तुम्हाला माफ करायलाही हे लिहीत नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात राग निवळतो असं लोक म्हणतात. माझा निवळलेला नाही. कालपासून तर तो वाढला आहे, आणि नेमका कुणावर वाढला आहे हे लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ही सवयही तुमचीच.

आधी इकडचं सांगते. दिवाळीनंतर तुमच्या जावयांना हार्ट अटॅक आला. स्टेंट टाकली, घरी आलो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, रोज चाळीस मिनिटं चालायचं. त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभं राहून ठरवलं की संक्रांतीपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही. पहाटे साडेपाचचा गजर लावला. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीतून निघायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्यांना स्वेटर, वर कानटोपी, टोपीवर मफलर, असं गुंडाळून मी बाहेर काढायची. घरी आलो की त्या दिवसाच्या चौकोनात निळ्या पेनानं बरोबरची खूण. यंदा गारठा लवकर पडला. दुधाच्या पिशव्या टाकणारा माणूससुद्धा हात बगलेत धरून चालतो. हे रोज कुरकुरायचे, पण यायचे. "अगं, कुत्रीपण उठली नाहीत अजून. आपल्यामुळं त्यांची झोपमोड व्हायलीय," असं म्हणायचे. मला हसू यायचं. मी पावलं मोजत नव्हते, दिवस मोजत होते.

गेल्या शनिवारी पहाटे त्यांनी रजई डोक्यावरून घेतली आणि आतूनच म्हणाले, "आज राहू दे. खोकला लई झालाय." दोन दिवसांपासून खोकत होते हे मला माहीत होतं. मी दिवा लावला आणि म्हणाले, "नागा नको." खाडा नव्हे, नागा, तुमचा शब्द; तोंडातून गेल्यावर मला तो ऐकू आला. त्यांनाही आला असणार, कारण ते उठून बसले आणि हसायला लागले. "बघ, नाना बोलायलेत. वही तेवढी काढ आता." हसता हसता खोकला आला. तरी मी मफलर पुढं केला. टाकीच्या अलीकडं एका बंद दुकानाच्या पायरीवर ते खाली बसले, छातीवर हात ठेवून, आणि मला हातानंच थांब म्हणाले. रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ मी लिहून ठेवलेला नाही. डॉक्टरांनी तपासलं, हृदयाला काही झालेलं नव्हतं, छातीत सर्दी भरली होती. मग त्यांनी स्वतःचीच जुनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "ताई, ही खालची ओळ वाचली नाही का?" चाळीस मिनिटांच्या खाली लिहिलं होतं: ऊन आल्यावर. ही चिठ्ठी फ्रिजवर लावलेली असते आणि मी ती रोज पाहते. पहाट डॉक्टरांनी सांगितलीच नव्हती. पहाट माझ्या मनात आधीपासून होती, आणि ती कुणी घातली हे तुम्हाला सांगायला नको.

उस्मानपुऱ्यातली आपली खोली मला आजही अंधारातच दिसते. स्टोव्हवर पाणी ठेवलेलं, आई पदरानं कान बांधते आहे, आणि तुम्ही दारात उभे, काठी हातात, चपला घातलेल्या. वैद्यांनी आईला दम्यासाठी मोकळ्या हवेत चालायला सांगितलं होतं. केव्हा चालायला सांगितलं होतं, हे आता कुणाला विचारू? तुम्ही पहाट ठरवलीत, स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचं ठरवलंत, आणि म्हणालात, "नागा नाय पडला पाहिजे." मग दोन पावसाळे, तीन हिवाळे, रोज. तुम्ही दहा पावलं पुढं, आई मागं, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या मागं मी. तुम्ही एकदाही मागं वळून पाहिलं नाही. आई थांबली की तिचा श्वास ऐकू यायचा, शिट्टीसारखा. तोही तुम्हाला ऐकू येत नाही अशी माझी समजूत होती. घरी आलात की तुम्ही ती लांब वही काढायचात आणि उजवीकडून डावीकडं एक ओळ लिहायचात. निजामाच्या राज्यात सातवीपर्यंत उर्दूत शिकलात, त्यामुळं हिशेब, पत्ते, औषधांच्या वेळा, स्वतःपुरतं सगळं उर्दूतच. आईला ते वाचता येत नव्हतं, मलाही नव्हतं. एकदा मी विचारलं तर बोट ठेवून एकच शब्द दाखवलात. हा 'हाजिर'. आणि न गेलेल्या दिवशी काय लिहिता? "तो शब्द तुला दिसायचा नाय," म्हणालात, आणि खूश झालात.

मला मात्र रोजनिशी दिलीत. सहावीत पहिली आले तेव्हा, काळ्या पुठ्ठ्याची. ती तुमची एकुलती एक भेट. "झालं तेवढंच लिहायचं. खोटं लिहायचं नाय, अन् बोलायचं तर नायच." दर रविवारी तुम्ही ती तपासायचात. एकदा मी लिहिलं होतं, सकाळी स्टेशनपर्यंत गेलो, मजा आली. तुम्ही चष्मा वर केलात. "दात वाजायले होते तुझे. मजा कुठून आली?" आणि ते दोन शब्द मला खोडायला लावलेत. मी खोडले. तेव्हापासून आजवर काही लिहिताना हात अडतो, हे खरंच असं झालं का, की मला तसं वाटलं? लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना माझं कौतुक होतं त्याबद्दल. माझी वही तुम्ही वाचायचात, तुमची मला वाचता येत नव्हती, हे अंतर मला फार उशिरा कळलं.

आता तो दिवस. जानेवारी आहे, संक्रांत झालेली आहे, डब्यात तिळाच्या वड्या उरल्या आहेत. आई रात्रभर बसून होती. पहाटे ती माझ्या शेजारी येऊन आडवी झाली, आणि माझा हात धरून कानात म्हणाली, "त्यांना सांग, निजलीय म्हणून. आज नाय व्हायचं माझ्यानं." तेवढ्यात तुम्ही दारात. तुम्ही तिला हाक मारली नाहीत. मला विचारलंत, "आई जागी हाय का?" मी बारा वर्षांची होते. आईचा हात माझ्या हातात होता, गरम. मी म्हणाले, "जागी आहे." आईनं हात काढून घेतला. ती उठली, पदरानं कान बांधले. तुम्ही म्हणालात, "शाबास." स्टेशनहून परत येताना ती तीनदा रस्त्यावर बसली असं शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या. संध्याकाळी दवाखाना, न्यूमोनिया, आणि नवव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. कॉलेजला गेले तशी परत राहायला आलेच नाही. तुमच्या शेवटच्या आजारात दोनदा आले, दोन्ही वेळा खुर्चीत बसून पेपर वाचला. तुम्ही पाणी मागितलंत तर दिलं. तुमच्या तेराव्याला आत्या रडत होत्या, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले की आईला यांनी चालवून चालवून मारलं. कुणी अडवलं नाही. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, मैत्रिणींना सांगितली, आणि दर वेळी ती दारापासून सुरू केली: नाना दारात उभे होते, आईला घेऊन गेले. माझं वाक्य मी कधीच सांगितलं नाही. रोजनिशीतही नाही. झालं तेवढंच लिहायचं म्हणणाऱ्याच्या मुलीनं ते वाक्य एवढी वर्षं वगळलं. मला एकच दिलासा होता, की ते ऐकणारे दोघंही गेले.

शनिवारी पायरीवर बसलेले हे पाहिले आणि ट्रंकेतली तुमची वही आठवली. काल शाळा सुटल्यावर ती घेऊन शहागंजला गेले. तिथं जुन्या किताबांना पुठ्ठे बांधणारे एक म्हातारे चाचा आहेत. वही उलटीपालटी करून म्हणाले, "बाई, जिल्द तो अच्छी है इसकी. क्या बांधना है?" मी म्हणाले, बांधायची नाही, वाचून दाखवा, जानेवारीची पानं. त्यांनी भिंग काढलं. "किसकी है?" माझ्या वडिलांची. "हिंदू हो ना तुम लोगां? क्या खत है, क्या लिखावट, माशाल्ला. आजकल के हमारे बच्चे नई लिख सकते ऐसा." पानं उलटत ते वाचत गेले. हाजिर. हाजिर. हाजिर, हवा तेज. हाजिर, खांसी. मग तो दिवस आला. "हाजिर. रात भर खांसी, सोई नहीं. लडकी बोली, जाग रही है." चाचा हसले. "ये लडकी कौन? बडी सच्ची मालूम होती." मी म्हणाले, होती एक.

म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं. ती रात्रभर झोपलेली नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही मला विचारलंत. इतकी वर्षं तुमच्या बाजूनं माझ्या मनात एकच गोष्ट शिल्लक होती, की या माणसाला कळलंच नसेल. ती काल संपली. तुम्हाला सगळं कळत होतं आणि तुम्ही ते सुवाच्य अक्षरात लिहीत होता. चाचांनी पुढचं पान उलटलं. आठ दिवस नुसतं 'दवाखाना'. नवव्या दिवशी एकच शब्द. त्यांनी भिंग जवळ नेलं. "नाग़ा." बस, तेवढाच. पुढं वही कोरी होती. त्यानंतरही तुम्ही रोज पहाटे काठी घेऊन जात होता, मी पाहिलं आहे, पण लिहिलं नाहीत. तो नागा कुणाचा धरलात, तिचा की तुमचा? मला दोन्ही अर्थांचा संताप येतो. तिचा धरला असेल तर तुम्ही बायकोच्या मरणाची गैरहजेरी मांडलीत. तुमचा धरला असेल तर तो एकदा तोंडानं सांगायचा होता, मला समजणाऱ्या भाषेत.

आज सकाळी अकरा वाजता, ऊन अंगणात आल्यावर, हे गल्लीतच चार फेऱ्या मारून आले. मी शाळेतून रजा घेतली होती, पण सोबत गेले नाही, गच्चीवरून पाहत होते. वर पाहून ओरडले, "साहेब, हाजरी लावा!" मी हात केला. खाली येऊन कॅलेंडरसमोर उभी राहिले तर शनिवारच्या चौकोनात बरोबरची खूण होती. ती मीच केली होती, त्याच संध्याकाळी, यांना औषध देऊन झोपवल्यावर. निघालो तर होतोच, असं स्वतःला सांगून.

हे पत्र तुमच्या वहीत ठेवते आहे, त्या 'नागा'च्या पुढच्या कोऱ्या पानात. तुम्हाला मराठी वाचता येत होतं, म्हणून मराठीतच. एक गोष्ट राहिली. त्या पहाटे मी 'जागी आहे' म्हणाले ते तुम्ही खोटं बोलू नको म्हणत होता म्हणून, असं मी आजवर धरून चालले. तसं नव्हतं. आईचा हात गरम होता, हे मला कळत होतं, आणि मला तुमची शाबासकी हवी होती. ती मिळाली तेव्हा बरं वाटलं होतं.

उद्या: शनिवारची खूण खोडून तिथं 'नागा' लिहायचं.