यानातली बारा वर्षं

प्रिय सुजित,

तुझ्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पोचली. एकोणीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, सातचा आकडा अजून मोजून काढल्यासारखा. सोबत तुझ्या बायकोची, दिव्याची चिठ्ठी होती, की ताई, तुम्ही तपासून सही केल्याशिवाय हे छापायला देणार नाहीत. चांगली वाटली मुलगी.

थेरगावच्या आमच्या खोलीत तू चाकणची शिफ्ट संपवून यायचास. दिवसभर कंपनीत सुटे भाग मायक्रॉनमध्ये मोजायचास, संध्याकाळी ताऱ्यांची अंतरं. तू लिहायचास आणि मी, गणिताची बाई म्हणून, आकडे तपासायचे. पिंपरीचा छापखानेवाला शफी चिडवायचा, की सुजितभाऊ, तुमच्या कादंबरीत इंजिन लगेच सापडतं, माणूस शोधायला भिंग लागतं! तू म्हणायचास, कल्पना बिनचूक हवी, माणसं वाचक घालून घेतो.

खरंच माणसं नव्हतीच. फक्त दोन पानं होती. यानातून गेलेल्याची बायको, तीही बिननावाची, त्र्याऐंशीव्या वर्षी रेडिओजवळ बसून त्याचा निरोप ऐकते. ती पानं मी किती वेळा वाचली असतील.

पुस्तक निघालं आणि महिन्याभरात एका वाचकाचं पत्र आलं. यानातली बारा वर्षं तू पृथ्वीवरही बाराच धरली होतीस. प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाणाऱ्या यानात बारा सरतात, तोवर इथं त्रेचाळीस जातात. निरोप येईल तेव्हा ती एकशे चौदा वर्षांची असेल. म्हणजे नसेलच. कंपनीत बाद मालाला लावतात तशी लाल चिठ्ठी तू उरलेल्या प्रत्येक प्रतीला लावलीस. लिहिणं थांबवलंस. वर मलाच समजावत होतास, की जयू, चूक माझी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्याच आठवड्यात मी आपल्या लग्नाला नाही म्हणाले. तू कारण विचारलंस, तेव्हा आईचं आजारपण पुढं केलं.

सुजित, ती चूक मला पहिल्याच वाचनात दिसली होती. सांगितली असती तर तू ती दोन पानं काढून टाकली असतीस. त्या बाईला निरोप मिळावा, एवढंच वाटलं आणि मी गप्प बसले. मग तू माझी समजूत घालत राहिलास आणि मला तुझ्याकडं बघवेना.

नव्या आवृत्तीत ती पानं तू खोडली आहेस. या वेळी न सांगता सही करणं जमेना, म्हणून हे पत्र. आकडे बरोबर आहेत. तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. सही केली आहे.

तुझीच,
जयमाला