डाव्या पायाची गाडी

३ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

बाबा काल काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत गेले. आजारपणात लुळा पडलेला डावा पाय मात्र अजून ओढतच नेतात; क्लच काही त्याच्याने दाबला जायचा नाही. डॉक्टर म्हणाले, ऑटोमॅटिक असेल तर खुशाल चालवा. हे ऐकून माणूस त्या दिवशी पोटभर जेवला. आपली गाडी घेऊन बदल्यात ऑटोमॅटिक द्यायला एक शोरूमवाला तयार आहे, पण महिनाअखेरपर्यंतच. कॉलेज अर्धवट टाकून गाडी घेऊन गेलास, कुणी ब्र काढला नाही. आता आणून दे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. ऑटोमॅटिक ही गाडी आहे की झोपाळा? ती नेईल तसं जायचं! इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाक, हे बाबांनीच शिकवलं ना मला?

आता हसू नकोस. आमच्या गॅरेजसमोर औषधांचं दुकान आहे, तिथली काउंटरवरची मुलगी. रविवारी तिला घाटात नेतो. वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकला की श्वास रोखून बसते. महिनाअखेरीस तिला विचारणार आहे. तोवर गाडी मिळणार नाही. बाबांना बस आहेच की.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
धाकटा

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

तुझं उत्तर नाही. मी विचारलं. नाही म्हणाली. दर वळणाला मळमळायचं म्हणे. मी खुशीत असायचो म्हणून गोळी घेऊन यायची. म्हणाली, "तू गाडीचं सगळं ऐकतोस. मला एकदा तरी विचारलंस, बरं वाटतंय का?"

पंधरा तारखेला गाडी आणतो. बाबांना सांग.
धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,

आणू नकोस. ती ऑटोमॅटिक गेली. दुसरी बघू म्हटलं तर बाबा नको म्हणाले. तुझं पहिलं पत्र त्यांनी माझ्याआधीच उघडलं होतं. बसच्या ओळीशी थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी गाडी तुझ्या नावावर करायच्या कागदांवर सही करून टाकली. सोबत पाठवतेय.

घरी ये असं लिहू का, म्हणून विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मीही लिहीत नाही.

ताई