राहिलेला ओ

५ जानेवारी, रविवार

सामान लागलं एकदाचं! औरंगपुऱ्यातल्या या गल्लीत टेम्पो शिरत नाही, त्यामुळे गादी, कुकर आणि पुस्तकांची खोकी मीच वर चढवली. कंबर मोडली, पण खोली झकास आहे. दोन खिडक्या, डोक्यावर गच्ची, आणि तळमजल्यावर घरमालक कमरोद्दीन चाचांचं बिदरी कामाचं दुकान. काळ्या धातूत चांदीची तार ठोकत बसतात दिवसभर. ती टकटक वरपर्यंत येते. उद्या शेंद्र्याच्या कंपनीत रुजू व्हायचं. कोल्हापुरात सगळे म्हणत होते, इंद्रजीत, तिकडे तुझं कुणी नाही, आठवड्यात परत येशील. इथे पहिल्याच दिवशी चाचांचा मुलगा याह्या चहा घेऊन आला आणि माझ्या खोक्यातले फासे बघून म्हणाला की शेजारच्या खोलीत दर रविवारी दुपारी डाव बसतो, येतोस का. मी त्याला मिठीच मारणार होतो.

१२ जानेवारी, रविवार

काय थाट आहे! अख्ख्या टेबलावर घाटातलं एक गाव. डोंगर, पार, विहीर, शिवेवरचा दगड, सगळं थर्माकोल आणि प्लास्टरचं, आणि चाली मोजायला जमिनीवर चौकोनी घरं आखलेली. हे प्रेरणाने केलंय, ती कॉलेजात वास्तुकला शिकवते. माणसं याह्याची. बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या, पण धोतराची किनारसुद्धा रंगवलेली. बापाचा हात आलाय त्याच्यात. डाव चालवतो सुदर्शन, कन्नडच्या शाळेत मास्तर आहे, एसटीने येतो. आम्ही तिघं शिकारी, आणि गावात जी जी भुतं आहेत ती एकेक करून संपवायची. मुंजा आणि चकवा माझ्याआधीच संपले होते. उरली आहे ती हाकामारी.

याह्याने माझ्यासाठी चष्मेवाला शिकारी केलाय. हुबेहूब मी, मिशीसकट.

फाशांनी मात्र पहिल्याच दिवशी माझं नाक कापलं. टाकला की एक. टाकला की एक. प्रेरणा म्हणाली की फासे बदल नाहीतर हात बदल.

१९ जानेवारी, रविवार

डोकं फिरलंय.

आज हाकामारी पटावर आली. हिरवं लुगडं, मोकळे केस, आणि चेहरा कोराच ठेवलाय, कारण तिला कुणी पाहिलेलं नाही म्हणे. ती ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारते. ओ दिला की माणूस तिचा. त्यावर सुदर्शनने असा नियम काढलाय की ती पटावर असेपर्यंत आपणही एकमेकांना हाकेवर ओ द्यायचा नाही. तिसऱ्या हाकेलाच द्यायचा. आधी दिला की शिकाऱ्याला एक जखम.

हा खेळ झाला का? आमच्या घरी आईच्या पहिल्या हाकेला ओ गेला नाही तर मागून उलथनं येतं. माझ्या तोंडातून ओ आपोआप निघतो. सुदर्शन कागद चाळता चाळता म्हणायचा, इंद्रजीत, आणि मी ओ. जखम. प्रेरणा चहा गाळताना, इंद्रजीत. ओ. जखम. फासा हरवतो ते एक, वर तोंड पण हरवतं! मी चिडून म्हटलं की हा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते दाखव. तर शांतपणे म्हणाला, "पुस्तकात नाय. आमच्याकडं दिवेलागणीला पहिल्या हाकंला कुणीच उठत नाय. ती दोनदाच हाक मारती. तिसरी हाक माणसाचीच."

शिकार अर्धीच राहिली. आवरायला गेलो तर तेही नाही म्हणे. ती पटावर असताना पट मोडत नाहीत, सगळ्या शिकाऱ्यांनी बसून तिला उठवायचं असतं. टेबलावर चादर टाकून आलो.

२६ जानेवारी, रविवार

आठवडाभर ज्या दिवसाची वाट बघायची, त्या दिवशी कुणी येत नाही. सुदर्शनच्या शाळेत झेंडावंदन आणि मग मुलांचे कार्यक्रम. प्रेरणा खुलताबादला मावशीकडे. याह्या दुकानात. प्रजासत्ताक दिन दरवर्षी याच तारखेला येतो, हे कुणाला आधी कळायला नको?

दुपारी जिन्यातून प्रेरणाने हाक मारली. मी ओ दिला आणि खूश होऊन खाली धावलो. जिना रिकामा. फोन केला तर ती खुलताबादलाच, मागे मावशीचा कुकर वाजत होता. म्हणाली, डावात जखमा कमी पडल्या का?

वर येऊन चादर उचलली. हाकामारी एक घर पुढे सरकलेली आहे. माझ्या शिकाऱ्याच्या दिशेने. याह्याचे उद्योग, दुसरं काय!

३० जानेवारी, गुरुवार

याह्याशी भांडलो. त्याने आईची शपथ घेतली की चादरीला हात लावलेला नाही. मी म्हटलं, मग मांजराने सरकवली का? तो खाली निघून गेला. मला वाईट वाटलं, पण रागही जाईना.

संध्याकाळी गच्चीवरून सुदर्शनची हाक आली. ओ गेलाच तोंडातून. वर कुणी नव्हतं. सुदर्शन कन्नडला घरी जेवत होता.

ती आता दोन घरांवर आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा डाव नाही! प्रेरणाला ताप, सुदर्शनची एसटी चुकली. मी फोनवर दोघांनाही वाट्टेल ते बोललो. मग सुदर्शनला हाकांचं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, पुढच्या रविवारी कायपण करून सगळे बसू, तोवर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नको. खेळ म्हणून नाही, असंच.

याह्याला जाऊन सॉरी म्हटलं. त्याने लगेच चहा मागवला. राग धरता येत नाही त्याला. आमचं ठरलं की एकमेकांना कायम तीनदा हाक मारायची. त्याने तिथल्या तिथे तीनदा माझं नाव घेऊन बघितलं आणि मी तिसऱ्यालाच ओ दिला. तो टाळी देऊन म्हणाला, "देखो, अब सीख गया!"

या गावात माझं कुणी असेल तर हाच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

जमलं! कामावरून आलो तेवढ्यात जिन्यातून आईची हाक. आईची, म्हणजे कोल्हापूरहून न सांगता आल्यासारखी. दोनदा. मी खुर्चीचे हात धरून बसलो. डोळ्यांत पाणी आलं, पण ओ दिला नाही. तिसरी आली नाही.

चादरीखाली ती एक घर मागे गेलेली. सापडली युक्ती.

८ फेब्रुवारी, शनिवार

आत्ता, ऊन उतरताना, गच्चीवरून याह्याची हाक. इंद्रजीत! मी हललो नाही.

दुसरी हाक लांबवलेली, रडवेली. किती हुबेहूब करते! दात आवळून बसलो.

तिसरी नाही. जिंकलो आपण. उद्या सगळे बसतील आणि हिला उठवून टाकू. याह्याला सांगितलं पाहिजे —

खाली कसला आरडाओरडा चाललाय. बघून येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

तो होता.

टाकी बघायला चढला होता. शिडीचा वरचा आकडा भिंतीतून निघाला. कठड्याबाहेर लोंबकळत होता. खाली चाचांची ठोकाठोक, त्यांना काय ऐकू येणार. मी होतो. माझ्या डोक्यावरच होता. तीन उड्यांत पोचलो असतो.

दोनदा हाक मारली त्याने. तिसऱ्या हाकेला हात टिकले नाहीत.

आज दुपारी दफन झालं. डावाची वेळ होती. चाचांनी माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "तुम ऊपरइच थे ना, बेटा? आवाज नहीं आई?" मी नाही म्हटलं. आवाज आला नाही म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेरणा फोन उचलत नाही. सुदर्शनही नाही. मग कळलं, तेही तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय उचलत नाहीत आता. तिसऱ्यांदा उचलला तर दोघंही म्हणाले की तिकडे येणार नाही, पट जाळून टाक.

कसा जाळू? सगळ्या शिकाऱ्यांनी बसावं लागतं. तिसरा कुठून आणू? वैताग, वैताग आलाय या नियमांचा! तिला उचलायला गेलो तर बोटं लावायची हिंमत होईना.

याह्याचा शिकारी आडवा पडलाय. मी पाडला नाही. ती माझ्या शिकाऱ्याच्या शेजारच्या घरात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कामावर गेलो नाही. खाली टकटक बंद आहे. बॅग भरली. चाचांना खरं सांगून मग निघायचं. जिना उतरायचाय फक्त —

गच्चीवरून.

याह्या.

एकदाच मारली. इंद्रजीत.

थांबलो. दुसरी येत नाही. एकच. म्हणजे शनिवारच्या दोन आणि ही — तिसरी. त्याची तिसरी. तिसरी माणसाचीच असते, सुदर्शन म्हणाला होता —

नाही. त्याला पुरलंय. मी स्वतः माती टाकली. बसून राहायचं. खुर्ची धरून. ती दोनदाच —

पण त्याच्या दोन्ही खऱ्या होत्या. आणि तो वाट बघत होता ना, हात सुटेपर्यंत. त्याचा एक ओ माझ्याकडे राहिलाय. कुणी असो वर. तो तरी द्यायला नको? माझ्या जिवाला हे सहन होत नाही, मी

दार वाजत नाही. नुसतं शेजारी कुणीतरी उभं

ओ, याह्या, आलो रे, आ