दाराआडचं पाणी

सूनबाई,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. डायलिसिसला शेजारीणबाईंबरोबर जाते आहे. त्यांना तसाही गप्पांना कुणाचा तरी आजार लागतोच. निघताना वजन केलं, अंगात पाणी बेताचंच साठलंय. डायलिसिसची सुई टोचतात त्या हातावरच्या शिरेची घरघर बोटांनी पाहिली, ती लागली, म्हणजे शीर मोकळी आहे. पण रोज तू कान लावून ऐकतेस, ती मजा नाही आली.

आता तुझं. मला पाणी मोजून मिळतं, म्हणून तू माझ्यासमोर घोटही घेत नाहीस. दाराआड जाऊन कसेबसे दोन घोट पितेस, नळसुद्धा चोरासारखा सोडतेस. सासू म्हातारी झाली, बहिरी नाही झाली! परवा तुला मूतखड्याची कळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी प्या. तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस आणि घरी येऊन पुन्हा तेच. अगं, एवढी माया माझ्या पोटच्या पोरानेही केली नाही. तो खुशाल माझ्या पुढ्यात बसून सरबत ढोसतो.

पण किडनीचं दुखणं घरात एकीलाच पुरे.

टेबलावर तांब्या भरून ठेवलाय, मी येईपर्यंत तो रिकामा हवा. संध्याकाळी आपण समोरासमोर बसू. तू पेला भरून पी, मी माझी वाटी पुरवून पुरवून पिते. तुला बघून मला तहान लागेल, लागू दे. तू अंथरूण धरलंस तर माझ्या हाताला कान कोण लावणार?

तुझी सासू