मरियेजवळ बाई कोण हाय?

२३ डिसेंबर, हुमनाबाद

संध्याकाळी चर्चची मंडळी दारात नाताळची गाणी म्हणून गेली. तेव्हापासून माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा, एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. आत्याबाईंना हल्ली काही आठवत नाही, पण निर्णा गावात जन्मभर सुईणपण केलं तेवढं मात्र पक्कं आहे. गाण्यात येशूच्या आईचं, मरियेचं नाव आलं तशा त्या उठून बसल्या.

"मरियेचे दिवस भरले व्हय? तिच्याजवळ बाई कोण हाय?"

"कुणी न्हाई, आत्याबाई. नुसता योसेफ हाय."

"पहिलटकरीण पोर, अन् एकलीच? पाणी तापायला ठेव की! बसलीस कामून?"

ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, असं सांगणार होते. पण त्या पदर खोचून मोरीकडे निघाल्यासुद्धा.

मेंढपाळ, तारा, गव्हाण, सगळं मला लहानपणापासून पाठ. मग तिच्याजवळ बाई कोण होती, हे कधीच मनात का आलं नाही? नाताळची वाट बघायची म्हणजे पडदे धुवायचे, करंज्या तळायच्या, एवढंच करत आले. आणि देव तर ओला, उघडा, रडत येणार. त्याला झेलायला कुणाचे तरी हात लागणारच ना?

मी खरंच पाणी तापवलं. आत्याबाईंनी कोपर बुडवून पाहिलं, माझी जुनी मऊ साडी मागून मांडीवर पसरली.

"येऊ दे आता लेकराला," म्हणाल्या.

मी त्यांना टेकून बसले. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा वाटलं, खरंच कुणीतरी यायलंय.